जमिनीला मे महिन्यात विचारायचं

हजार लिटर दूध ३५ डिग्रीवरून ४ डिग्रीवर आणायचं तर त्यातनं साधारण ३५ युनिट (लाइट बिलातलंच युनिट) उष्णता काढून घ्यावी लागते. ही उष्णता नाहीशी होत नाही, कंप्रेसर जी लाइट खातो तीही शेवटी उष्णताच होते, ती धरली की ४५-४६ युनिट होतात आणि ती सगळी दूध गार करायच्या टाकीच्या, म्हणजे बल्क कूलरच्या, मागच्या जाळीतनं फॅन लावून बाहेर फेकली जाते. रोज. बाहेरची हवा डिसेंबरात गार असते तेव्हा कंप्रेसरला काही वाटत नाही, पण एप्रिल-मे मध्ये कोल्हापुरात दुपारची हवा ३८ डिग्रीची असताना तीच उष्णता त्याच हवेत ढकलायची म्हणजे कंप्रेसर धापा टाकत चालतो आणि बिल वाढत जातं. ढोबळ हिशोब असा की जिथं उष्णता टाकायची ती जागा एक डिग्रीनं गार मिळाली तर कंप्रेसरची दोन-तीन टक्के लाइट वाचते. दहा डिग्री गार जागा मिळाली तर काय होईल ते तुम्हीच बघा.

माझा मामेभाऊ करवीर तालुक्यात पन्हाळ्याच्या बाजूला दूध संकलन चालवतो, आणि मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कूलर-हीट एक्सचेंजरची कामं करतो, त्यामुळं हा विषय आमच्या घरात जेवताना सुद्धा निघतो. एकदा तोच म्हणाला, "दादा, विहिरीचं पाणी बारा महिने गार असतंय की, मग ही उष्णता आपण खाली जमिनीत का न्हाई टाकायची?" प्रश्न बरोबर होता. जगात बऱ्याच ठिकाणी हे करतात, जमिनीत उभा बोअर मारायचा, त्यात प्लास्टिकच्या पाइपचा लांब यू सोडायचा, त्यातनं पाणी फिरवायचं आणि ते पाणी खाली जाऊन जमिनीला उष्णता देऊन किंवा घेऊन वर येतं. याला ग्राउंड हीट एक्सचेंजर म्हणतात. बोअरमधलं पाणी उपसायचं नाही, पाइपातलं पाणी पाइपातच राहतं, फक्त उष्णतेची देवाणघेवाण.

इथं एक गोष्ट आधीच सांगतो कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं हाच प्रश्न विचारला. हे राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्याचं प्रकरण नव्हे. तिथं खोल तापलेलं पाणी भेगांतनं वर येतं. आपल्याला इथं अडीचशे फुटांच्या आतली, अगदी साधी, कुणाच्याही वावरातली जमीन पाहिजे, आणि ती गरम नसावी हेच पाहिजे.

तर ती किती गार असते? वरच्या थरात दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा जेमतेम हाता-दोन हातांपर्यंत पोचतो, त्याच्या खाली दिवस-रात्र कळतच नाही. वर्षाचे ऋतू मात्र बरेच खोल जातात, पण जाता जाता फिके होतात आणि उशिरा पोचतात, साधारण दर मीटरला तीनेक आठवडे उशीर, माती कशी आहे त्यावर कमी-जास्त. म्हणजे सात-साडेसात मीटरवर गेलं की वर चैत्र-वैशाखाचं ऊन तापत असतं तेव्हा तिथं वर्षातला सगळ्यात गार काळ चालू असतो, अर्थात फरक डिग्रीच्या दहाव्या-पाचव्या भागाचा असतो, हाताला कळणार नाही, पण चांगल्या थर्मामीटरला कळतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हापासून मी कुठल्याही जुन्या विहिरीत वाकून बघताना हाच विचार करतो, की या भिंतीत खाली खाली जाताना मागचे महिने एकाखाली एक रचून ठेवलेत. दहा-पंधरा मीटरच्या खाली मग ऋतूही संपतात. तिथं वर्षभराची सरासरी तेवढी उरते, आणि कोल्हापूरला ती साधारण २६-२७ डिग्रीच्या आसपास धरायला हरकत नाही. त्याच्याही खाली गेलं की पृथ्वीच्या आतली उष्णता लागायला लागते, आपल्या दख्खनच्या दगडात शंभर मीटरला दोन-अडीच डिग्री.

पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटर खोल तळघर आहे, तिथलं तापमान सतराव्या शतकापासून लोक बघत आलेत, ते जवळजवळ हलत नाही, १२ डिग्रीच्या जरा खाली. तिथल्या माणसाला जमिनीत फुकटचा गारवा मिळतो, नुसतं पाणी फिरवलं तरी घर गार होईल. आपल्याकडे २७ डिग्रीच्या जमिनीतनं नुसतं पाणी फिरवून खोली गार होत नाही. आपल्याला तिचा उपयोग एवढाच, की कंप्रेसरला उष्णता टाकायला ३८ च्या हवेऐवजी २७ ची जागा. युरोपातले व्हिडिओ बघून इथं "एसीचं बिल शून्य" सांगणारे लोक हा फरक सांगत नाहीत आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण अशानं एक चांगली गोष्ट बदनाम होते.

आता पुढचा प्रश्न, जमीन गार आहे हे ठीक, पण दिलेली उष्णता ती किती भरभर आत ओढून घेते? हा गुण दगडावर असतो, त्याला उष्णतावाहकता म्हणायचं. एक मीटर जाड, एक चौरस मीटरची लादी घ्या, दोन बाजूंत एक डिग्रीचा फरक ठेवा, तिच्यातनं जितके वॅट पार होतात तो आकडा. हवेचा ०.०२५, पाण्याचा ०.६, ग्रॅनाइटचा ३ च्या वर, आणि आपल्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा, तक्त्यांत साधारण १.३ पासून २.३ पर्यंत दिलेला असतो. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, नसतं म्हणून तो ग्रॅनाइटपेक्षा मागं पडतो. अंबाबाईचं देऊळ ज्या दगडाचं, रंकाळा मुळात ज्याची खाण होती, तो दगड उष्णतेच्या बाबतीत सावकाश आहे. पण १.३ की २.३? या दोन आकड्यांत बोअरची लांबी जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट बदलते, आणि बोअरचा पैसा फुटावर जातो.

तक्त्यातला आकडा उचलून चालत नाही याचं कारण मामेभावाकडे मारलेल्या आमच्या टेस्टच्या बोअरनं आम्हाला स्वतः दाखवलं. वर काळी माती, मग मुरूम, मग कठीण काळा पाषाण लागला आणि हॅमरचा आवाज बदलला, मग मध्येच तांबडा चुरा यायला लागला, तो दोन लाव्हांच्या मधला थर. म्हणजे एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याच्या डोक्यावर माती तयार होईपर्यंत काळ गेला, मग दुसरा लाव्हा त्यावर पसरला आणि खालची माती भाजून लाल झाली, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याखाली भोकाभोकांचा दगड, आणि त्यात पाणी. बोअरची गाडी तमिळनाडूची होती, गाडीवरचे मिस्त्री भाषा तोडकी बोलत होते पण प्रत्येक थराला चुऱ्याची मूठ बाजूला काढून ओळीनं मांडून ठेवत होते, कुणी सांगितलं नव्हतं. त्या मुठींच्या ओळीकडे बघितलं तरी कळत होतं की "बेसाल्टचा आकडा" असा एक आकडा नाहीच. घट्ट दगड वेगळा, लाल थर वेगळा, भोकांत हवा असली तर वेगळा आणि त्याच भोकांत पाणी असलं तर आणखी वेगळा.

म्हणून त्याच जागी, त्याच बोअरला विचारायचं. या विचारण्याला थर्मल रिस्पॉन्स टेस्ट म्हणतात, टीआरटी.

याचा इतिहास मला फार आवडतो. एडिनबर्गला जेम्स फोर्ब्स यांनी १८३७ साली तीन जागी जमिनीत लांबलचक थर्मामीटर पुरले, ३, ६, १२ आणि २४ फ्रेंच फूट खोल, आणि वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या. एक जागा वाळूची, एक क्रेगलीथच्या खाणीतल्या वाळूखडकाची, आणि एक कॅल्टन हिलवरची, जिथला दगड ट्रॅप, म्हणजे आपल्या दख्खन ट्रॅपच्याच भावकीतला, लाव्हाचाच. पुढं विल्यम थॉमसन, जे नंतर लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी १८६० मध्ये या नोंदी घेऊन वार्षिक चढउतार खोलीनुसार किती फिका होतो आणि किती उशिरा पोचतो यावरनं त्या त्या दगडाची उष्णतावाहकता काढली. ट्रॅपपेक्षा वाळूखडक बराच सरस निघाला. त्यांनी हीटर लावला नाही, सूर्य हाच हीटर, आणि टेस्ट काही वर्षांची. मला वाटतं जमिनीला विचारायची सगळ्यात सभ्य रीत तीच होती. पण ज्याला पुढच्या हंगामात बोअर मारायचाय त्याला एवढं थांबता येत नाही. १९८३ साली स्टॉकहोमच्या परिषदेत पालने मोगेन्सेन यांनी मांडलं की बोअरमध्ये पाइप सोडून झाल्यावर त्यातनंच ठरावीक शक्तीनं उष्णता घालत राहा आणि पाण्याचं तापमान कसं चढतं ते बघा, त्यातनंच सगळं कळेल. नव्वदच्या दशकात स्वीडनमध्ये लुलेओला आणि अमेरिकेत ओक्लाहोमाला हे यंत्र ट्रेलरवर चढवलं गेलं आणि मग ते जगभर गेलं.

यंत्रात काय असतं, तर तसं काही नाही. एक टाकी, हीटर, सर्क्युलेशन पंप, फ्लो मीटर, दोन चांगले तापमान सेन्सर, जाणाऱ्या पाण्याला एक आणि येणाऱ्या पाण्याला एक, आणि आकडे नोंदवत राहणारा लॉगर. उद्यमनगरात फिरलं तर यातलं बहुतेक सगळं अर्ध्या दिवसात गोळा होतं, सेन्सर तेवढे नीट बघून, कॅलिब्रेट करून घ्यायचे. साठ मीटरचा, म्हणजे दोनशे फुटांचा बोअर असेल तर तीन किलोवॅटचा हीटर, मीटरमागे ५० वॅट पडतात. पाणी मिनिटाला दहा-अकरा लिटर सोडलं की जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात चारेक डिग्रीचा फरक राहतो. पाइप सोडून, खालपासून वरपर्यंत बेंटोनाइटचं, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीचं, मिश्रण भरून झालं की लगेच सुरू करायचं नाही, तीन ते पाच दिवस तसंच ठेवायचं, कारण बोअर मारताना आणि भरताना जी उलथापालथ झालीय ती निवळू द्यायची. मग हीटर बंद ठेवून नुसतं पाणी फिरवायचं आणि जमिनीचं मूळ तापमान लिहून घ्यायचं. आणि मग हीटर चालू. कमीत कमी दोन दिवस, जमलं तर अडीच-तीन, मध्ये खंड नाही.

खंड नाही हे लिहायला सोपं. वावरातल्या फीडरवर थ्री फेज लाइट ठरलेले तास, तेही एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री. आणि लाइट असली तरी व्होल्टेज? हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणजे २३० ऐवजी २१० आले की शक्ती सतरा टक्क्यांनी पडते, आणि टेस्टच्या नियमात सरासरीपासून दीड टक्क्याच्या आसपासच हललेलं चालतं. मध्येच बंद पडलं तर पुन्हा सुरू करून चालत नाही, तापलेला बोअर मूळ तापमानाच्या ०.३ डिग्रीपर्यंत उतरायची वाट बघायची, त्याला दहा-बारा दिवस सुद्धा लागतात. म्हणून आम्ही लग्नाच्या मांडवांना जनरेटर भाड्यानं देणाऱ्याकडनं एक जनरेटर आणला, हीटरला शक्ती स्थिर ठेवणारा थायरिस्टर कंट्रोलर लावला, वरचे सगळे पाइप जाड इन्सुलेशनमध्ये गुंडाळले आणि त्यावर शेडनेट. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, वर उघड्यावरच्या चार फूट पाइपवर दुपारचं ऊन पडलं तरी ग्राफमध्ये रोज दुपारी एक फुगवटा दिसतो आणि तो जमिनीचा नसतो, उन्हाचा असतो.

आता खरा गंमतीचा भाग, आणि मी हे शंभर वेळा सांगायला तयार आहे. हीटर चालू केल्यावर पाण्याचं तापमान आधी भरभर चढतं, मग सावकाश, मग आणखी सावकाश. पहिले सात-आठ तास दगड बोलतच नाही, तेव्हा पाइप, आतलं पाणी आणि भरलेलं मिश्रण तापत असतं, तो डेटा बाजूला ठेवायचा. त्यानंतर असं होतं, की १२ व्या तासापासून २४ व्या तासापर्यंत जेवढं तापमान वाढेल, तेवढंच २४ पासून ४८ पर्यंत वाढतं. वेळ दुप्पट, वाढ तेवढीच. पुढं ९६ तासांपर्यंत नेलं तर परत तेवढीच. लॉगॅरिदमच्या कागदावर वेळ मांडली की ती एक सरळ रेघ होते, आणि त्या रेघेचा चढ म्हणजे दगडाचा गुण. चढ कमी, तर दगड उष्णता भराभर लांब नेतोय. चढ जास्त, तर उष्णता पाइपाजवळच साचतेय. मीटरमागचे वॅट घ्यायचे, त्याला ४π नं (π म्हणजे ३.१४) आणि त्या चढानं भागायचं, झाली उष्णतावाहकता. एवढाच हिशोब.

आता आकडे घालून बघा. मीटरमागे ५० वॅट, दगडाचा आकडा १.७ असेल तर १२ ते २४ तासांत वाढ साधारण १.६ डिग्री. दगडाचा आकडा २.२ असेल तर वाढ सव्वा डिग्री. दोघांत फरक किती, डिग्रीचा तिसरा हिस्सा. त्या तिसऱ्या हिश्श्यावर पुढच्या सगळ्या बोअरचा खर्च उभा आहे. म्हणून सेन्सर, म्हणून जनरेटर, म्हणून शेडनेट. लोकांना वाटतं हा काटेकोरपणा म्हणजे इंजिनिअरची हौस, पण यातली प्रत्येक गोष्ट शेवटी मामेभावाच्या खिशाशी जोडलेली आहे.

टेस्टमधनं दुसरीही एक गोष्ट निघते, बोअरचा अडथळा, म्हणजे पाण्यापासून बोअरच्या भिंतीपर्यंत पोचताना उष्णतेला किती अडतं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलेल्यांना हे पटकन कळेल, देवळाच्या दाराशी किती रेटारेटी आहे हा एक प्रश्न आणि डोंगराखालचे रस्ते किती मोकळे आहेत हा दुसरा प्रश्न. रस्ते कितीही मोकळे असले तरी दार अरुंद असेल तर माणूस आतच अडकतो. दार आपल्या हातात असतं, पाइपाचे दोन पाय एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, मध्ये स्पेसर घालायचे, मिश्रणात वाळू किंवा ग्रॅफाइट घालून त्याची वाहकता वाढवायची, साध्या बेंटोनाइटची ०.७-०.८ असते ती २ पर्यंत नेता येते. रस्ते मात्र जमिनीचे असतात, ते आपल्याला बदलता येत नाहीत, फक्त मोजता येतात.

याच ठिकाणी आमच्या गावातल्या एका अनुभवी पाणाड्याकाकांनी मला एक प्रश्न विचारला. तळहातावर नारळ घेऊन पाणी दाखवणारा माणूस, पंचक्रोशीत त्यांचा मान आहे, टेस्टची रेघ स्क्रीनवर बघत बराच वेळ उभे होते आणि मग म्हणाले, "ह्ये बरं हाय, पण पाणी आत्ता वर हाय. वैशाखात तुमची रेघ आशीच ऱ्हाईल व्हय?"

आम्ही दोनदा टेस्ट घ्यायचं आधीच ठरवलं होतं, एक दसऱ्यानंतर आणि एक मे मध्ये, पण ते का करायचं हे त्यांच्याइतकं थोडक्यात मला सांगता आलं नसतं. स्वीडनमध्ये कठीण दगडात बोअर मारतात तेव्हा तो भरतच नाहीत, भूजल वरपर्यंत असतं, पाइप पाण्यातच लोंबतो आणि तापलेलं पाणी स्वतःच वर-खाली फिरून अडथळा कमी करतं. आपल्याकडे हे उचलायला जाल तर पावसाळ्यानंतर उत्तम चालेल आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वरचा सगळा पाइप हवेत, आणि हवेचा आकडा वर लिहिलाय, ०.०२५. म्हणजे जेव्हा गरज सगळ्यात जास्त तेव्हा अर्धा बोअर कामातनं गेला. म्हणून आपल्याकडे बोअर भरायलाच लागतो. आणि भरला तरी बाहेरचा दगड तर पावसावर चालतोच. भोकाभोकांच्या थरात पाणी भरलेलं असलं, आणि त्याहून म्हणजे ते हलत असलं, तर ते उष्णता उचलून घेऊन जातं. त्याची खूण ग्राफमध्ये दिसते, रेघ सरळ राहत नाही, शेवटी शेवटी वाकून आडवी व्हायला लागते, टेस्ट जितकी लांबवाल तितका आकडा चांगला चांगला येत जातो. दसऱ्यानंतरच्या आमच्या रेघेत असं वाकणं होतं. मे मधली रेघ सरळ राहिली आणि तिचा चढ जास्त होता.

ज्यांना ही यंत्रणा विकायचीय ते ऑक्टोबरात टेस्ट घेतील, आणि त्यात खोटं काही नसेल, आकडा खराच असेल. पण कंप्रेसरला मदत कधी पाहिजे? मे मध्ये. मग मे मधल्या जमिनीलाच विचारायला पाहिजे ना. महाराष्ट्रात कुठंही, निदान दख्खनच्या दगडावर तरी, टीआरटी पावसाआधीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे आणि पावसानंतरची मिळाली तर बोनस समजावा. आडव्या पाइपाचं तर विचारूच नका, काही जण म्हणतात बोअरचा खर्च कशाला, सहा फूट चर खणून पाइप पसरा. काळ्या मातीत? उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाइपाभोवतीची माती आक्रसून पाइप सोडून देते, मध्ये हवा.

आणि टेस्टनं एक गोष्ट सांगितलेलीच नसते, कारण ती तिला विचारलेलीच नसते. टेस्ट दोन-अडीच दिवसांची, कूलर वीस वर्षं चालणार. युरोपात उन्हाळ्यात जमिनीत उष्णता टाकतात आणि हिवाळ्यात तीच घर गरम करायला परत काढतात, वर्षाच्या शेवटी खातं बरोबर होतं. आपण नुसतं टाकतच राहणार, बारा महिने, कारण दूध बारा महिने येतं. मी हिशोब मांडला. एकटा बोअर, दगडाचा आकडा १.७, वर्षभराची सरासरी मीटरमागे २० वॅट टाकत राहिलो, तर पहिल्याच वर्षात बोअरच्या भिंतीजवळचा दगड आठ-साडेआठ डिग्रीनं तापतो, आणि दहा वर्षांत आणखी दोनेक डिग्री. २७ मध्ये मिळवा. ३८ च्या जवळ आलो, म्हणजे ज्या हवेपासून पळालो तीच हवा परत जमिनीत तयार केली. शेजारी शेजारी चार-सहा बोअर असले तर ते एकमेकांना तापवणार ते वेगळंच. हा आकडा कागदावर आला त्या रात्री मी मामेभावाला फोन करून सांगितलं आणि तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे नाद सोडायचा का?"

नाद सोडायचा नाही, पण जमिनीवर आधी भार टाकायचा नाही. त्याच्याकडे रोज कॅन, टाक्या धुवायला गरम पाणी लागतं, तीनशे लिटर पाणी २७ वरनं ६० डिग्रीला न्यायचं तर साडेअकरा युनिट, ते तो लाकडावर किंवा गीझरवर तापवत होता, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे ४६ युनिट उष्णता हवेत सोडत होता. आधी ती उष्णता कंप्रेसरच्या गरम गॅसमधनं या पाण्याला द्यायची, चौथा हिस्सा तिथंच संपतो. उरलेले ३५ युनिट दिवसभरावर पसरले तर सरासरी दीड किलोवॅटच्या आत येतात. ते मीटरमागे दहा वॅटच्या हिशोबानं जमिनीला द्यायचे, म्हणजे सुमारे दीडशे मीटर, दोन बोअर पंचाहत्तर-पंचाहत्तर मीटरचे, एकमेकांपासून सहा-सात मीटर लांब. दहा वॅटला दहा वर्षांनीही भिंतीचा दगड ३२-३३ च्या वर जात नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा १५-१६ डिग्रीची असते तेव्हा बोअर बंद ठेवून सरळ जुन्या फॅनवर जायचं, जमिनीला तेवढीच विश्रांती, हिवाळा तिच्यापर्यंत पोचत नाही तर आपण तिला सुट्टी द्यायची. खर्च वाढला, मान्य आहे, आणि हजार लिटरच्या वर दूध गेलं तर परत हिशोब मांडायला लागेल, तेही त्याला सांगून ठेवलंय. पण हे आकडे मे मधल्या रेघेवर उभे आहेत, त्यामुळं ते सांगताना माझा आवाज हलत नाही.

टेस्टचा बोअर आम्ही कामात घेतला आणि दुसऱ्या बोअरच्या शेजारी एक बारीक भोक मारून त्यात वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर सोडलेत, मामेभावाची मुलगी दुधाच्या रजिस्टरमध्येच फॅट-एसएनएफच्या शेजारी एक कॉलम आखून ते आकडे लिहिते. ऑप्टिकल फायबर सोडून प्रत्येक मीटरचं तापमान वेगळं मोजायची पण पद्धत आहे, त्यात लाल थर किती अडवतो आणि पाण्याचा थर किती ओढून नेतो हे थरागणिक दिसतं, ते करायची माझी फार इच्छा आहे पण ते उपकरण महाग. कऱ्हाडला बोअरहोल जिओफिजिक्सची सरकारी प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला तिथल्या लोकांनी बेसाल्टच्या आरपार खालच्या ग्रॅनाइटमध्ये खोल बोअर मारलेत, म्हणजे आपल्या पायाखालच्या दगडाची खोल माहिती गोळा करणारे लोक सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर बसलेत. पण वरच्या दोनशे फुटांची, गावागावातली, महिन्या-महिन्याची माहिती कोण गोळा करणार? ती आपल्याकडंच आहे, दरवर्षी जिल्ह्यात इतके बोअर पडतात.

तर एक विनंती करतो. करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले, गगनबावडा, कुठंही तुमच्याकडे नवा बोअर पडला, तर मोटर सोडायच्या आधी थोडं थांबा. गाडीवाल्याला सांगून प्रत्येक थराच्या चुऱ्याची मूठ ठेवून घ्या, किती फुटाला काळा, किती फुटाला तांबडा, पाणी किती फुटाला लागलं ते लिहा. आठवडाभरानं एक वॉटरप्रूफ सेन्सर लांब वायरला बांधून, फुटांच्या खुणा करून, वरून खाली हळूहळू सोडा, दर दहा फुटांना दोन मिनिटं थांबून आकडा लिहा, वरून खालीच जायचं, खालून वर येताना घेतलेले आकडे घेऊ नका कारण तोवर पाणी ढवळलेलं असतं. महिना लिहायला विसरू नका. सेन्सर नसेल तर माझ्याकडनं घेऊन जा, उद्यमनगरात दुकान सकाळी नऊला उघडतं, आणि मे मध्ये आलात तर जनरेटरचं पण बघू.